घड्याळ नेमकं कुठे सुरू झालं?

२०१६ साली नॅशव्हिलला झालेल्या एनएचएलच्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत डेट्रॉइटच्या डिलन लार्किनने रिंकची एक फेरी १३.१७२ सेकंदांत मारली. माइक गार्टनरचा १९९६ पासून टिकलेला १३.३८६ सेकंदांचा विक्रम त्याने मोडला. चार वर्षांनी सेंट लुईसमध्ये मॅथ्यू बार्झालने १३.१७५ सेकंद नोंदवले. कागदावर लार्किन तीन सहस्रांश सेकंदांनी पुढे. फक्त एक तपशील कागदावर दिसत नाही. लार्किनला रेषेच्या मागून वेग घेत येण्याची मुभा होती, म्हणजे घड्याळ सुरू झालं तेव्हा तो आधीच पळत होता. बार्झाल मात्र जागच्या जागी उभा राहून सुटला होता. दोघांत वेगवान कोण, हे या दोन आकड्यांवरून ठरवता येत नाही.

जगातल्या सर्वांत श्रीमंत हॉकी लीगच्या झगमगाटात हे होतं, तर आपल्या क्लबच्या सरावात काय होत असेल? हा लेख कॅनडा-अमेरिकेत पोरांना पहाटे रिंकवर नेणाऱ्या आणि बघता बघता मदतनीस कोच होऊन बसलेल्या मराठी आई-बाबांसाठी आहे. पुण्या-मुंबईत इनलाइन हॉकी शिकवणाऱ्यांना आणि हिवाळ्यात लेहच्या शिबिरांना जाणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. महागडी यंत्रं नसली तरी चालेल, पण शिस्त हवी.

आधी काय मोजायचं ते ठरवा

आइस हॉकीतली धाव म्हणजे शंभर मीटरची शर्यत नव्हे. खेळाडू एका वेळी साधारण पाऊण मिनिट बर्फावर असतो, मग बाकावर येऊन दम घेतो. त्या पाऊण मिनिटात तो चार-पाच वेळा झटक्यात वेग घेतो, थांबतो, वळतो, पुन्हा सुटतो. पूर्ण वेगाला पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा समोर कुणीतरी आडवा येतो किंवा कडेची भिंत येते. म्हणून 'हा किती वेगवान आहे' या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न असतात. थांबलेल्या अवस्थेतून पहिले पाच-दहा मीटर किती लवकर काटतो? मोकळी जागा मिळाली तर जास्तीत जास्त वेग किती गाठतो? आणि हे सगळं सहाव्यांदा करायची वेळ आली तर त्यातलं किती उरतं?

तिन्हींची उत्तरं एकाच खेळाडूत वेगवेगळी असू शकतात, कारण शरीर तीन वेगळी कामं करत असतं. सुरुवातीची तीन-चार पावलं जवळपास धावण्यासारखीच असतात. पातं बर्फात रोवून मागे रेटायचं, घसरणं जवळजवळ नाहीच. वेग वाढला की पाय बाजूला ढकलू लागतो, घसरण लांबते आणि ताकदीइतकाच तोल व पात्याच्या कडेवरचा ताबा महत्त्वाचा ठरतो. फेरीची शर्यत दिसायला देखणी असते, पण तिन्ही गोष्टी एकात कालवून टाकते. वळणावरचं कौशल्यही त्यात मिसळतं. एकच चाचणी घेण्याइतका वेळ असेल, तर मी पहिल्या दहा मीटरची घेईन. सुट्या पकवर आधी कोण पोहोचतो, हे तिथेच ठरतं.

अंतर: रेषांवर डोळे झाकून विश्वास नको

बर्फावर रेषा आयत्या आखलेल्या असतात, त्यामुळे त्यांचाच वापर करायचा मोह होतो. उत्तर अमेरिकेतली रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे सुमारे ६१ बाय २६ मीटर. दोन निळ्या रेषांमधला मधला पट्टा ५० फुटांचा, म्हणजे १५.२४ मीटर. आंतरराष्ट्रीय मापाची रिंक ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद असते. शिवाय गावोगावच्या जुन्या रिंक या दोन्ही मापांत बसतीलच असं नाही. 'गोल लाइनपासून निळ्या रेषेपर्यंत' हे अंतर एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी जसंच्या तसं लागू पडत नाही. त्यातून निळी रेषा स्वतःच फूटभर रुंद असते, तेव्हा अलीकडची कड धरायची की पलीकडची, हेही लिहून ठेवावं लागतं. सरळ लांब टेप घ्या. शून्य, पाच, दहा आणि तीस मीटरवर खुणा करा आणि हेच अंतर वर्षभर वापरा. पाच मीटरची खूण कंटाळून गाळू नका. तीस मीटरच्या वेळेत सुधारणा झाली तर ती सुरुवातीला झाली की पुढे, हे त्या मधल्या खुणांमुळेच कळतं.

सुटण्याची जागा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबू.

किरण तुटला की नोंद घेणारं फोटोसेलचं फाटक असो की मोबाइल, घड्याळ सुरू होतं ते शरीर पहिली रेषा ओलांडताना. खेळाडू रेषेच्या किती मागे उभा आहे, यावर त्याला फुकटात किती वेग मिळतो हे अवलंबून असतं. एक साधा हिशेब करून पाहा. समजा खेळाडू दर सेकंदाला सेकंदी चार मीटर या एकसारख्या गतीने वेग वाढवतो. प्रत्यक्षात तो इतका एकसारखा वाढत नाही, पण अंदाजाला पुरे. तो रेषेच्या ३० सेंटिमीटर मागून सुटला तर रेषेपुढचे पाच मीटर काटायला त्याला १.२४ सेकंद लागतात. तोच खेळाडू एक मीटर मागून सुटला तर १.०२ सेकंद. पाय तेच आणि ताकदही तीच असून ०.२२ सेकंदांचा फरक पडला. एवढी सुधारणा अख्ख्या हंगामाच्या सरावातूनही मिळत नाही.

म्हणून पुढच्या स्केटचं टोक पहिल्या रेषेच्या बरोबर अर्धा मीटर मागे, असा नियम करा. बर्फावर मार्करने आडवी रेघ ओढा. अगदी रेषेवर उभं करायचं नाही, कारण हॉकीपटू पुढे वाकून उभा राहतो. त्याचं डोकं आणि खांदे स्केटच्या बरेच पुढे असतात, त्यामुळे फाटक त्याआधीच सुटतं. सुटण्यापूर्वी मागेपुढे झुलायला मनाई. दोन सेकंद स्थिर उभं राहायचं आणि मग आपल्या मर्जीने सुटायचं. शिट्टी वाजवू नका. शिट्टी वाजली की कानाची चपळाई पायांच्या हिशेबात मिसळते. ती मोजायचीच असेल तर वेगळी मोजा.

पुढे कोणता पाय ठेवायचा, हे पहिल्या दिवशी खेळाडूने ठरवावं आणि पुढे तेच पाळावं. वेळ असेल तर आडवं उभं राहून, पाय ओलांडत सुटण्याची चाचणीही घ्या, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. सामन्यात निम्म्या वेळा सुरुवात अशीच होते. दोन बाजूंत मोठी तफावत निघाली तर सरावात काय करायचं याचा धागा हाती लागतो.

घड्याळ कोणतं?

हातातल्या स्टॉपवॉचचा दोष असा की ते वेळ कमी दाखवतं. सुरुवात डोळ्यांना दिसल्यावर बोट दबतं, म्हणजे उशिरा. शेवट मात्र येताना दिसतो, त्यामुळे बोट आधीच सरसावलेलं असतं. मैदानी शर्यतींत हातघड्याळाची १०० आणि २०० मीटरची वेळ विद्युत घड्याळाच्या वेळेशी ताडून पाहताना तीत ०.२४ सेकंद मिळवण्याची रीत होती, ती याचसाठी. आता दहा मीटरची बर्फावरची धाव दोन सेकंदांच्या आसपास संपते. तिथे दशांश सेकंदाची चूक म्हणजे पाच टक्के. दोन आठवड्यांत मुलगा ०.०८ सेकंदांनी सुधारला, असं हातघड्याळाच्या भरवशावर म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुढे येणाऱ्या सहा धावांच्या लांब चाचणीला मात्र हातघड्याळ पुरतं.

फोटोसेलची फाटकं चांगली, पण हॉकीत त्यांना एक शत्रू आहे: स्टिक. खेळाडूच्या छातीच्या मीटरभर पुढे ती असते आणि एका किरणाच्या फाटकाला स्टिक, ग्लव्ह, छाती यांत भेद कळत नाही. शेवटच्या रेषेवर स्टिक पुढे ढकलणारी हुशार पोरं तुम्हाला भेटतीलच. दोन किरणांचं, दोन्ही एकदम तुटले तरच नोंद घेणारं फाटक असेल तर उत्तम. नसेल तर किरण कमरेच्या उंचीवर ठेवा. स्टिक एका हातात, पातं बर्फाजवळ बाजूला, असा नियम सर्वांना लावा. स्टिक काढूनच घ्यावी असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. स्टिकशिवाय हातांचा झोका बदलतो आणि आपण वेगळाच खेळ मोजू लागतो.

ज्यांच्याकडे फाटकं नाहीत त्यांच्यासाठी मोबाइल हे आजचं खरं साधन आहे. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी असतात, म्हणजे एका चौकटीला ०.०३३ सेकंद. बऱ्याच फोनांतल्या स्लो-मोशनमध्ये २४० चौकटी मिळतात आणि एक चौकट ०.००४ सेकंदांवर येते. फोन तिपाईवर घट्ट बसवा, धावेच्या मध्यासमोर, काटकोनात. कंबर पहिल्या खुणेला आली ती चौकट आणि शेवटच्या खुणेला आली ती चौकट शोधून वजाबाकी करा. सुरुवातही कमरेवरून, शेवटही कमरेवरून.

यातली अडचण खुणांच्या जागेची. फोन धावपट्टीपासून १५ मीटरवर आहे आणि शंकू धावपट्टीच्या तीन मीटर पलीकडे, भिंतीला टेकवून ठेवलेत असं समजा. शंकूंमध्ये दहा मीटर अंतर आहे. फोनला दिसणाऱ्या सरळ रेषा धावपट्टीला मात्र ८.३३ मीटरवरच छेदतात. दहा मीटर म्हणून तुम्ही साडेआठ मीटरही मोजलेले नसतात. उपाय सोपा आहे. धावपट्टीवरच्या खऱ्या खुणांवर एकाला उभं करा, फोनमध्ये पाहत भिंतीजवळचे शंकू सरकवा आणि उभ्या माणसाच्या कमरेमागे शंकू आला की तिथेच राहू द्या. मग खेळाडूंना त्याच धावपट्टीवरून जायला सांगा, मीटरभर अलीकडे-पलीकडे नको.

रडारगन असेल तर ती धावेच्या सरळ मागे किंवा पुढे धरा. वीस अंशांचा तिरकस कोन झाला तरी वेग सहा टक्के कमी दिसतो. जीपीएसचं घड्याळ छताखालच्या रिंकवर बिनकामाचं आहे. एनएचएलच्या रिंकांत कॅमेरे आणि संवेदकांनी प्रत्येक खेळाडूचा माग ठेवला जातो, आणि २०२१-२२ च्या हंगामापासूनचे आकडे 'एज' या सेवेतून कुणालाही पाहता येतात. ताशी २० मैलांच्या वर, म्हणजे ३२ किलोमीटरच्या पुढे खेळाडू किती वेळा गेला, हेही त्यात असतं. पोरं ते पाहून येतात आणि आपला आकडा त्याशेजारी ठेवतात. तो एका क्षणाचा कमाल वेग असतो आणि तुमच्या चाचणीतला वेग काही मीटरांची सरासरी, एवढं त्यांना समजावून सांगा.

बर्फ, पाती आणि हवा

यंत्राने नुकताच गुळगुळीत केलेला बर्फ आणि अर्धा तास खेळून उकरलेला बर्फ यांत फरक आहेच. त्यामुळे पहिल्या आणि विसाव्या खेळाडूला एकच चाचणी मिळत नाही. सगळ्यांची एक-एक फेरी आधी संपवा, मग दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा. हॉकीचा बर्फ साधारण उणे पाच-सहा अंशांच्या आसपास कडक ठेवतात. फिगर स्केटिंगसाठी तो थोडा मऊ लागतो. एकाच रिंकवर दोन्ही खेळ होत असतील तर आपली वेळ कोणत्या वर्गानंतर आहे ते विचारून घ्या.

पात्यांना धार कधी लावली आणि मधली खोबण किती खोल ठेवली, हे वहीत लिहा. खोल खोबण बर्फ घट्ट पकडते, सुटायला मदत करते, पण घसरण थोडी अडवते. उथळ खोबणीचं उलटं. चाचणीच्या आदल्या दिवशी कुणी नवा प्रयोग केला असेल तर तुम्ही खेळाडू नाही, धार लावणारा कारागीर मोजताय. पूर्ण पोशाख, हेल्मेटसकट, नेहमीचाच.

लेहमध्ये हे सगळं आणखी अवघड होतं. नैसर्गिक बर्फ पहाटे टणक असतो, ऊन चढलं की वरचा थर ओलसर होतो. चाचणी नेहमी एकाच वेळी घ्यावी, शक्यतो ऊन येण्याआधी. त्यातून साडेतीन हजार मीटरची उंची. विरळ हवेत अडथळा कमी, त्यामुळे एकट्या धावेचा वेग थोडा चढा दिसू शकतो. पण धावांमधली दमछाक भरून यायला वेळ लागतो, म्हणून सलग धावांचे आकडे घसरतात. २०२५ साली अल ऐनच्या आशिया चषकात भारतीय महिला संघाने कांस्यपदक मिळवलं. त्यातल्या बहुतेक मुली लडाख आणि स्पितीच्या. अशा खेळाडूंचे घरच्या तळ्यावरचे आकडे आणि छताखालच्या कृत्रिम रिंकवरचे आकडे एका तक्त्यात ठेवू नयेत. इनलाइनच्या चाकांवरचे तर नाहीच.

प्रत्यक्ष चाचणी

दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करून, शेवटी दोन-तीन धावा वाढत्या वेगाने. मग तीन पूर्ण जोराच्या धावा, प्रत्येकीमध्ये किमान दोन-तीन मिनिटं विश्रांती. तिन्ही वेळा लिहा. सर्वोत्तम धरायची की दोन चांगल्यांची सरासरी, हे आधी ठरवा. आकडे पाहून मग ठरवलं तर आपल्या लाडक्या खेळाडूला झुकतं माप जातं, आणि आपल्याला ते कळतही नाही.

कमाल वेगासाठी वीस-पंचवीस मीटर धावत येऊ द्या आणि दोन निळ्या रेषांमधलं अंतर मोजा. १५.२४ मीटरला १.८० सेकंद लागले तर वेग सेकंदाला ८.४७ मीटर, म्हणजे ताशी साडेतीस किलोमीटर. रेषेची कोणती कड धरली ते विसरू नका. हीच धाव पक घेऊन पुन्हा काढा. दोन वेळांमधला फरक पकवरच्या हाताबद्दल बरंच सांगून जातो.

दमसासासाठी रीड यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी चाचणी अजून चांगली आहे: ९१.४ मीटरच्या सहा धावा, दर ३० सेकंदांनी एक सुरू. समजा कुणाच्या वेळा १४.०, १४.२, १४.५, १४.९, १५.३ आणि १५.६ आल्या. बेरीज ८८.५. सर्वोत्तम वेळेच्या सहापट ८४. म्हणजे घसरण ५.४ टक्के. आता दुसरा खेळाडू सहाही धावा १४.८ मध्ये काढतो. घसरण शून्य, बेरीज ८८.८. तो दमदार की सुरुवातीलाच हात राखून धावला? बहुधा दुसरं. म्हणून त्याची एक ताजी, एकटी धाव दुसऱ्या दिवशी मोजा आणि घसरण तिच्यावरून काढा. आणि टक्केवारीआधी बेरीज पाहा.

बर्फाबाहेरच्या चाचण्यांनाही जागा आहे. एनएचएलची बफेलोतली निवडपूर्व चाचणी तर पूर्णपणे बर्फाबाहेरच होते: उड्या, पुल-अप, सायकलवरचे ३० सेकंदांचे जीवघेणे प्रयत्न. जमिनीवर ३० मीटर धाव आणि जागेवरून लांब उडी यांची बर्फावरच्या वेगाशी सांगड बऱ्यापैकी बसते, पण पूर्ण बसत नाही. ती जिथे बसत नाही तिथेच माहिती असते. मुलगी मैदानात तीरासारखी पळते आणि बर्फावर मागे राहते, तर तंत्र किंवा पाती तपासा. उलट असेल तर पायांची ताकद वाढवायला भरपूर वाव आहे.

फरक खरा की भास?

हंगामाच्या सुरुवातीला आठ-दहा खेळाडूंची चाचणी चार दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या. मधल्या काळात काही विशेष सराव नको. प्रत्येकाच्या दोन वेळांतला फरक काढा, त्या फरकांचं प्रमाण विचलन काढा आणि १.४१ ने भागा. स्प्रेडशीटमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. आलेला आकडा म्हणजे तुमच्या चाचणीची नेहमीची चूक. समजा ती ०.०४ सेकंद निघाली. मग ०.०८ पेक्षा लहान बदलावर पालकांना काही सांगू नका, सुधारणा असो की घसरण. एवढी पायरी केली की उरलेल्या वर्षातले निम्मे वाद मिटतात.

लहान मुलांच्या नोंदीत वेळेशेजारी उंचीचा रकाना ठेवा. झपाट्याने उंची वाढते त्या महिन्यांत तोल बिघडतो, वेळा वाढतात, आणि काही महिन्यांनी आपोआप उतरतात. त्या मधल्या काळात कुणाला संघातून वगळणं मला अन्याय वाटतं. एकाच वर्षी जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला दहा वर्षांचा मुलगा एकाच गटात खेळतात. त्यांना एका घड्याळाने मोजून क्रमवारी लावू नये. ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर तक्ता चिकटवण्याची पद्धतही मला आवडत नाही. प्रत्येकाला त्याचा जुना आकडा आणि नवा आकडा द्या, दुसऱ्याचा नको.

हंगामात तीन वेळा चाचणी पुरते: सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नका. आणि गोलरक्षकाला तीस मीटर पळवू नका. त्याच्यासाठी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतची आडवी सरक, डावीकडे आणि उजवीकडे, त्याच मोबाइलने, त्याच २४० चौकटींत मोजा.